परतीचा निर्णय पायथ्याशीच

सह्याद्रीत सर्वाधिक माणसं डोंगर चढतात ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि नेमक्या याच चार महिन्यांत हा डोंगर चालायला सर्वांत अवघड असतो. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बस निघते, पहाटे पायथ्याच्या गावात पोचते, कुणाच्या तरी ओसरीवर चहा-पोहे होतात, गोल करून सगळे आपापली ओळख सांगतात आणि चाळीस जणांची रांग धुक्यात शिरते. ती रांग वर नेणं आणि संध्याकाळी तेवढीच डोकी मोजून पुन्हा बसमध्ये बसवणं, हे आम्हा ट्रेक नेणाऱ्यांचं काम. या कामाबद्दल बोलताना लोक दोर, बूट, फिटनेस आणि वाटेची माहिती यांवर बोलतात. ते सगळं लागतंच. पण पावसाळी डोंगरात माणसं सुखरूप परत येतात की नाही, हे त्याहून साध्या एका गोष्टीवर ठरतं, असं माझं अनुभवान्ती मत झालं आहे. मागे कधी फिरायचं हे पायथ्याशीच, अंग कोरडं आणि पोट भरलेलं असताना ठरवून सगळ्यांना सांगितलेलं असलं पाहिजे. वर गेल्यावर ते फक्त पाळायचं.

सह्याद्रीतलं खराब हवामान म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. इथलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच. बर्फ नाही, विरळ हवा नाही, त्यामुळे ‘आपला डोंगर सोपा’ हा समज घट्ट बसलेला आहे. या डोंगराचा धोका पाण्यात आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर हवामान खातं त्याला जोरदार म्हणतं, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. घाटमाथ्याला जुलैत यातलं काहीच नवीन नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला अख्ख्या वर्षात पडणारा पाऊसही याहून फार जास्त नसतो. आता हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तासाभरात ३० मिलिमीटर पाऊस झाला आणि ओढ्याचं पाणलोट दोन चौरस किलोमीटर असलं, तर त्या एका तासात डोंगरावर सहा कोटी लिटर पाणी ओतलं जातं. जुलैपर्यंत माती पाणी पिऊन तुडुंब झालेली असते आणि तिच्याखाली काळा कातळ. त्यातलं बरंचसं पाणी शोषलं न जाता ओढ्यातच उतरतं, आणि तो ओढा बहुतेक वेळा तुमच्या आणि बसच्या मध्ये असतो.

सकाळी घोटाभर पाण्यातून हसत-खेळत ओलांडलेला हाच ओढा दुपारी अडवतो. त्याची चाहूल आधी लागते, पण पाहणाऱ्याला काय पाहायचं ते ठाऊक हवं. निवळशंख पाणी आधी गढूळतं, मग दुधाच्या चहासारखं होतं. सुकी पानं आणि काटक्या वाहून येऊ लागतात. पाण्याचा आवाज खर्जात उतरतो आणि त्यात मधूनच खालून गडगड ऐकू येते. ते तळाचे दगड सरकत असतात. काठावर, पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवून दहा मिनिटं बघत बसावं. दगड बुडाला, तर पाणी चढतं आहे आणि ते कुठे थांबेल हे कुणालाच सांगता येत नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघ्याएवढं वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय काढून घेतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढलं तेव्हा ती माणसं प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी होती. तिथे पोचल्यावर घेण्याजोगा एकही निर्णय शिल्लक राहिला नव्हता. जो काही निर्णय शक्य होता, तो पाण्यात पाय टाकण्याआधीचा होता.

आता माणसाच्या मनाकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. चार तास चिंब भिजलेला, वाऱ्यात उभा असलेला माणूस पायथ्याशी होता तसा विचार करत नाही. भिजलेले कपडे, त्यातही जीन्स आणि सुती टी-शर्ट, अंगाची ऊब ओढून घेतात. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला असं वैद्यक सांगतं आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. माथ्यावरचा पाऊस आणि भणाणता वारा पुरतो. आधी हुडहुडी भरते, मग बोटांनी सॅकची चेन उघडत नाही, शब्द अडखळतात, माणूस गप्प होतो आणि विचारलं तर ‘मी ठीक आहे’ एवढंच म्हणतो. हुडहुडी थांबली आणि माणूस गरम झालेला नाही, तर ते सर्वांत वाईट लक्षण. अशा वेळी कोरडे कपडे, वारा अडवणारं पांघरूण आणि गरम गोड चहा हवा. दारूचा घोट अंगातली उरलीसुरली ऊबही घालवतो. या अवस्थेत सर्वांत आधी जाते ती पुढचं पाहण्याची बुद्धी. म्हणजे ज्या क्षणी सर्वांत चांगला निर्णय हवा, त्या क्षणी निर्णय घेणारा सर्वांत वाईट स्थितीत असतो. लीडरही याला अपवाद नसतो. तोही त्याच पावसात तितकाच भिजलेला असतो.

यात भर पडते ती घोळक्याची. चाळीसपैकी दहा जणांना मनातून परत फिरायचं असतं, पण पहिलं कोण बोलणार, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. माथा ‘आता अर्ध्या तासावर’ आलेला असतो. सुट्टी टाकलेली, पैसे भरलेले आणि रात्र बसमध्ये अवघडून काढलेली. जेवढं घातलं तेवढं वाया जाऊ नये, या ओढीनं माणूस आणखी घालत जातो. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर अनुभवी मार्गदर्शकांच्या तुकड्यांमध्ये दुपारी फार तर दोनपर्यंत माघार घ्यायची, ही समज होती. अनेक जण त्यानंतरही चढत राहिले, संध्याकाळी वादळ आलं आणि त्यात आठ जणांचा जीव गेला. त्याच मोसमात स्वीडनहून सायकलनं आलेला गोरान क्रॉप हा गिर्यारोहक माथ्याच्या साधारण शंभर मीटर खालून एकटा परत फिरला, उजेडात उतरणं जमणार नाही या एकाच कारणानं. पुढे २३ मे रोजी तो माथ्यावर पोचला. जगातले अव्वल लोक उरलेल्या शंभर मीटरांसमोर डळमळतात, तर रविवारी सकाळी पहिल्यांदा बूट घातलेल्या मुलाकडून वेगळी अपेक्षा कशी ठेवायची? हवी ती आधी ठरलेली वेळ आणि ती पाळण्याची शिस्त.

मग पायथ्याशी ठरवायचं काय? माझ्या मते चार गोष्टी. पहिली, परतीची वेळ. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण धुक्यात बुडालेल्या जंगलात सहालाच अंधारतं. तिथून उलटी मोजणी करायची आणि कोरड्या दिवसातल्या वेळेच्या दीडपट वेळ धरायचा. वाटेत एखादा कातळटप्पा असेल आणि प्रत्येकाला तीन मिनिटं लागली, तर चाळीस जणांना दोन तास लागतात. येताना पुन्हा दोन तास. हे गणित कागदावर मांडलं की निम्मे ट्रेक चाळीस जणांसाठी नाहीतच, हे आपोआप कळतं. दुसरी, पाण्याची खूण. जाताना ओलांडलेल्या ओढ्यात एक ठळक दगड हेरायचा आणि तो बुडाला की पुढे जायचं नाही, हे सगळ्यांना दाखवून ठेवायचं. तिसरी, विजेचं अंतर. वीज चमकल्यापासून तिसाच्या आत मोजेपर्यंत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पठार आणि धार सोडून खाली उतरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर यायचं नाही. चौथी, माणसाची खूण. रांगेतला कुणीही एक जण कापू लागला, तर सगळी रांग त्याची. त्याला एकटा मागे ठेवून बाकीच्यांनी माथा गाठायचा नाही.

वाट निवडणं हाही या निर्णयाचाच भाग आहे. हरिश्चंद्रगड घ्या. गड एकच, पण पाचनईहून जाणारी वाट जवळची आहे, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी लांबलचक आहे आणि खिंडीनंतर धुक्यात ढोरवाटांचा घोळ होतो. नळीची वाट तर नावाप्रमाणे नळीच आहे. उन्हाळ्यात दगडांची आणि पावसाळ्यात पाण्याची. ‘हरिश्चंद्रगडाचा ट्रेक’ एवढंच जाहीर करणारा माणूस या तीन वाटांमधला फरक ऐन वेळेसाठी राखून ठेवतो. ज्या वाटेवर मधूनच सुटका करून घेता येत नाही, ती जुलैत मोठ्या गटासाठी घेऊच नये. नाळ, घळ किंवा धबधब्याच्या पोटातून जाणाऱ्या वाटेवर शिरल्यानंतर परतीचा निर्णय उशिराचाच असतो.

मुक्कामाच्या ट्रेकमध्ये हे आणखी ठळक दिसतं. मेच्या शेवटी काजवे बघायला राजमाची आणि भंडारदऱ्याच्या परिसरात तंबू पडतात, आणि तीच वळवाच्या वादळांची वेळ. तंबूमुळे आसरा मिळाल्यासारखं वाटतं, पण विजेपासून तंबू काहीही संरक्षण देत नाही. दृश्यासाठी कड्याच्या टोकाला लावलेला तंबू पहिल्या सोसाट्याला उलटतो, आणि पाणी जवळ म्हणून ओढ्याच्या पात्राशेजारी लावलेला रात्री दोनला पाण्यात असतो. अंधारात भिजलेल्या माणसांनी तंबू हलवणं जवळपास अशक्य असतं. बाहेर पाऊस म्हणून स्टोव्ह तंबूत घेऊन चेन लावणं तर जिवावरचं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून मुक्कामालाही परतीचा निर्णय लागतो. गावातलं एखादं घर, देवळाचा सभामंडप किंवा शाळेची पडवी आधी बोलून ठेवायची आणि ढग भरून आले तर उजेडातच तिथे हलायचं. तंबू हा चांगल्या हवेतला आनंद आहे, वाईट हवेतला आसरा नाही.

हे सगळं कबूल करूनही मोहिमा पुढे रेटल्या जातात, याचं मोठं कारण पैसा आहे. बसचं भाडं दिलेलं असतं, गावात जेवण सांगितलेलं असतं, आणि माघार घेतली तर लोक पैसे परत मागतील ही धास्ती लीडरच्या डोक्यात असते. ज्या व्यवस्थेत मागे फिरणं महाग पडतं, तिथे चांगला माणूसही चुकीचा निर्णय घेतो. त्यामुळे माघार स्वस्त करून ठेवणं हे आयोजकाचं पहिलं कर्तव्य आहे. प्रत्येक ट्रेकला त्याच बसनं, त्याच गावाच्या आसपास करता येईल असा दुसरा, खालचा बेत हवा: एखादं लेणं, गावाभोवतीची भटकंती, भातलावणी बघणं किंवा तिथल्या कुणाकडून रानभाज्यांची ओळख. गावातलं जेवण रद्द करायचं नाही. गाव पावसाळ्यातल्या या कमाईवर अवलंबून असतं. आणि पैसे घेतानाच सांगायचं की माथा गाठण्याचं वचन आम्ही देत नाही, सुखरूप परत आणण्याचं देतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अंदाजांवर. हवामानाचे अंदाज चुकतात. रेड अलर्टच्या दिवशी ऊन पडतं. असं प्रत्येक वेळी घाबरलो तर डोंगरात जायचं कधी? अंदाज चुकतात हे खरं आहे, विशेषतः डोंगरात, जिथे एका घळीत पाऊस असतो आणि पलीकडच्या घळीत नसतो. पण अंदाजाकडून खात्री मागायचीच नसते. त्याच्यावरून बेत निवडायचा असतो. हवामान खातं आता पुणे, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांच्या घाट विभागासाठी वेगळे इशारे देतं; शहराचा अंदाज बघून घाटात जाणाऱ्यानं निदान तेवढं तरी पाहावं. ऑरेंज असेल तर खालचा बेत, रेड असेल तर बस निघायचीच नाही. अंदाज चुकून ऊन पडलं, तर एक रविवार गेला. उलट चूक झाली, तर जे जातं ते कुठल्याही रविवारी भरून येत नाही. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून त्यांना सारखं तोलायचंही नाही.

दुसरा आक्षेप स्थानिकांचा दाखला देतो. गावातली माणसं रोज याच वाटांनी जातात, मग आपल्याला काय झालं? एक तर त्यांचा एकेक पाय त्या दगडांना ओळखतो. आणि दुसरं, ती माणसं पावसाळ्यात आपल्याइतकी डोंगरात फिरतच नाहीत. आषाढाआधी लाकूडफाटा आणि दाणागोटा भरून ठेवणं हीच त्यांची रीत आहे. वाटाड्याला ‘आज वर जाता येईल का?’ असं विचारलं, तर तो बहुधा ‘जाऊ की’ म्हणेल. त्याच्या दिवसाच्या मजुरीचा प्रश्न असतो आणि पाहुण्याला नाही म्हणणं त्याला जड जातं. त्यापेक्षा विचारावं, ‘दादा, आज तुम्ही तुमची गुरं वर न्याल का?’ या प्रश्नाचं उत्तर खरं मिळतं, आणि ते नकारार्थी असेल तर आपलाही निर्णय झालेला असतो.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मला तो मनापासून समजतो. जुलै १६६० मध्ये भर पावसात, रात्रीच्या अंधारात मावळे पन्हाळ्याहून विशाळगडाकडे धावले. त्यांचे आपण वारस, मग पावसाला काय भ्यायचं? पण ती धाव वेढ्यातून सुटण्यासाठी होती, आणि पाऊस व अंधार हा त्या बेताचा आडोसा होता. त्याच शिवकालात लष्कर पावसाळ्यात छावणीला परतत असे आणि दसरा झाला की मोहिमेवर निघत असे, हे सभासदाच्या बखरीतही आलं आहे. ज्यांनी हा डोंगर सर्वांत चांगला ओळखला, त्यांनी पावसाचे महिने घरी काढण्याचा नियम केला आणि नाइलाज झाला तेव्हाच तो मोडला. त्याहीआधी भाजे, कार्ले, बेडसे इथल्या लेण्यांत राहिलेल्या भिक्षूंना वर्षावासाचा नियम होता: पावसाळ्यात एका जागी राहायचं. पावसात आपण ज्या कोरीव आडोशाला उभे राहतो, त्याच्यामागे न फिरण्याचा शहाणपणा आहे. शौर्याचा वारसा सांगायचा, तर हा शहाणपणाही त्याच वारशाचा भाग आहे.

चौथा आक्षेप अनुभवी लीडर घेतात, आणि तो सर्वांत वजनदार आहे. डोंगर दर तासाला बदलतो. खाली बांधलेले नियम वर लागू पडत नाहीत. जाणत्याच्या नजरेवर सोडावं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. नजरेनं निर्णय बदलायचा तर तो एकाच दिशेनं बदलावा: ठरलेल्या वेळेच्या आधी फिरण्याची मुभा लीडरला असावी, नंतर फिरण्याची नसावी. शिवाय अनुभव फसवतोही. शंभर वेळा ओढा ओलांडून काही झालं नाही, यातून ओढा निर्धोक होता हे सिद्ध होत नाही. कित्येकदा नशिबानं साथ दिली, एवढंच सिद्ध होतं. नशीब आणि कौशल्य बाहेरून सारखीच दिसतात, आणि दोन्हींच्या खात्यावर टाळ्याच जमा होतात.

शेवटी काही जण म्हणतात, मग पावसाळ्यात सरसकट बंदीच घाला. धोक्याच्या दिवशी जिल्हा प्रशासनानं एखादा धबधबा किंवा गड बंद करणं योग्यच आहे आणि ती बंदी पाळलीच पाहिजे. पण चार महिन्यांची सरसकट बंदी गावांची कमाई बुडवते, माणसांना आडवाटेनं, वाटाड्याशिवाय डोंगरात लोटते, आणि मुख्य म्हणजे मागे फिरायला कुणालाच शिकवत नाही. आणि हे शिकणं फक्त सह्याद्रीपुरतं नाही. इथे पावसात चालायला शिकलेली मुलं पुढे हिमालयात जातात. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तराखंडात सहस्रताल परिसरात, चार हजार मीटरच्या वर, २२ जणांचा एक गट हिमवादळात सापडला आणि त्यातले नऊ जण गेले. तिथे काय चुकलं याचा निवाडा मला करायचा नाही. पण उंचावर थंडी आणि वारा माणसाला विचार करायला किती थोडा वेळ देतात, हे त्या घटनेतून कळतं. मागे फिरण्याची सवय घोटाभर पाण्याच्या ओढ्यावर लागली, तरच ती तिथे उपयोगी पडेल.

आणि पाणी चढलंच, वाट अडलीच, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. सह्याद्रीतले छोटे ओढे जसे झपाट्यानं चढतात तसे पाऊस थांबला की झपाट्यानं उतरतातही. पुष्कळदा दोन-चार तासांत वाट मोकळी होते. पात्रापासून दूर, वाऱ्याच्या आड, एकमेकांना चिकटून, कोरड्या कपड्यांत थांबणं हाच उपाय. अंधार झाला तरी थांबावं, ११२ ला कळवावं, आणि दोर बांधून माणसाला लोंढ्यात उतरवू नये. वाहत्या पाण्यात कमरेचा दोर माणसाला बुडवतो. डोंगरात बचावासाठी उतरणारे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे गट स्वयंसेवकांचे आहेत. ती माणसं आपलं घर आणि काम सोडून त्याच पावसात येतात. आपल्या हट्टाची किंमत त्यांनाही मोजावी लागते.

म्हणून या मोसमात ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा: परतीची वेळ किती वाजताची आहे, ओढा चढला तर काय करणार आहात, आणि माथा झाला नाही तर दुसरा बेत कोणता? उत्तरं तिथल्या तिथे, नेमकी मिळाली तर बिनधास्त जा. ‘वर गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका.